आधी चार्जिंग, मग पाणी

आमच्या गाड्यांच्या शेडमध्ये भिंतीवर एक पत्र्याचा फळा आहे. त्यावर बॅटऱ्या चार्ज करण्याचे नियम मी माझ्या हाताने रंगवलेत, आणि नियमांच्या वर एक वाक्य लिहिलंय. ते वाक्य पुसून टाका, असं मला दोनदा तोंडी आणि एकदा लेखी सांगण्यात आलं. मी पुसलेलं नाही. पुसणारही नाही. का, ते नीट सांगतो. या प्रकरणात मी आधी दोनदा खोटं बोललोय, त्यामुळे कोणी माझ्यावर लगेच विश्वास ठेवावा अशी अपेक्षा नाही. फक्त शेवटपर्यंत वाचावं.

नेवासा तालुक्यात, हमरस्त्यापासून थोडं आत, माळावर आमचा दवाखाना आहे. नाव लिहीत नाही, कोणाचंच लिहिणार नाही. मी तिथे मेंटेनन्सचा प्रमुख होतो. आयटीआय, मग डिप्लोमा, मग पंचवीस वर्षं तारा, मोटारी आणि जनरेटर. फाटकापासून ओपीडीपर्यंत अर्धा किलोमीटर चढ आहे. म्हातारी माणसं, पोटुशा बायका, पाय प्लास्टरमध्ये असलेले लोक तो चढ उन्हात कसा चढणार, म्हणून संस्थेने सहा गोल्फ कार्ट घेतल्या. आमच्या भागात गोल्फ कोणी पाहिलेला नाही. पहिल्याच दिवसापासून त्यांचं नाव पडलं ते ‘बॅटरीची गाडी’. प्रत्येक गाडीच्या सीटखाली आठ व्होल्टच्या सहा बॅटऱ्या. एका बॅटरीला चार खाने, म्हणजे एका गाडीला चोवीस खाने, आणि प्रत्येक खान्याला एक बूच. हे सगळं माझ्या ताब्यात होतं.

चार नंबरची गाडी चाचा चालवायचे. घोडेगावचे. पंचावन्नच्या पुढचे, शिडशिडीत, पांढरी दाढी, खाकी पँट. त्यांचे वडील आणि चुलते घोडेगावच्या बाजारात म्हशींची दलाली करायचे. स्वतः चाचांनी तरुणपणी तेच केलं, मग टेम्पो चालवला, आणि मग कंत्राटावर आमच्याकडे आले. सगळे त्यांना चाचा म्हणायचे, मीही. ते मला साहेब म्हणायचे, आणि त्यांची म्हैस व्याली की माझ्या घरी चिकाचा डबा पाठवायचे. माझी बायको त्याचा खरवस करायची. हा डबा लक्षात ठेवा.

गाडी मिळाल्यावर पहिल्याच आठवड्यात चाचा तिच्या सीटखाली डोकं घालून बसले होते. मी विचारलं, “काय बघताय?”

“दात मोजतोय,” ते म्हणाले, म्हैस घेताना वय ओळखायला मोजतात तसे. “चोवीस हायेत. समदे बगून ठिवले की मंग फसवनूक न्हाई.”

बाकीचे चालक हसले. मीही हसलो. पण चाचांनी खरोखरच चोवीस खाने ओळखीचे करून घेतले. कुठल्या खान्यात पाणी लवकर उतरतं, कुठल्या तारेवर पांढरं-हिरवं पीठ लवकर चढतं, हे त्यांना तोंडपाठ होतं. ते घरून खाण्याचा सोडा आणायचे, पाण्यात कालवून जुन्या दात घासायच्या ब्रशने ती टोकं घासायचे. मी त्यांना हायड्रोमीटर वापरायला शिकवलं. काचेच्या नळीत आम्ल ओढून घ्यायचं, आतला तरंगा किती वर येतो ते बघायचं. ते एका दिवसात शिकले. इतर पाच जण वर्षभरात शिकले नाहीत.

आता माझी चूक.

गाड्या संध्याकाळी पाचला शेडमध्ये परत यायच्या. स्टाफची बस पावणेसहाला सुटायची. ती चुकली की नेवाशाला जायला फाट्यावर उभं राहावं लागतं, आणि तिथे एसटी कधी येईल याचा भरवसा नाही. म्हणून मी असा क्रम लावला की गाडी आली की लगेच बुचं उघडायची, पाणी घालायचं, बुचं लावायची, चार्जरची पिन खोचायची आणि बस पकडायची. पाणी सारखं बघायला लागू नये म्हणून काठोकाठ भरायचं, घशापर्यंत. डिस्टिल्ड वॉटरचे कॅन संपले असतील तर कॅन्टीनच्या फिल्टरचं पाणी घालायचं. आपण पितो ते बॅटरीला चालणार नाही का, असं मी स्वतःच म्हणालो होतो. हा क्रम मी त्या फळ्यावर लाल रंगाने लिहून घेतला. पहिली ओळ होती, ‘आधी पाणी, मग चार्जिंग.’ खाली माझी सही.

चाचांनी फळा वाचला आणि माझ्याकडे आले. तेव्हा शेडमध्ये सहाही चालक होते.

“साहेब, हे उलटं हाय.”

“काय उलटं आहे?”

“दमून आलेल्या जनावराला आल्या आल्या पानी दावत न्हाईत. आदी दम खाऊ द्यायचा. मंग वैरन. पानी समद्यात शेवटी. आन् घशापत्तोर तर कदीच न्हाई. पोटात वैरन फुगती, त्याला जागा नको व्हय?”

मी घड्याळाकडे बघितलं. पाच वीस झाले होते. “चाचा,” मी म्हणालो, “ही म्हैस नाही. बॅटरी आहे. हिचं शास्त्र मी शिकलोय.”

“उद्या धार काढायला चरवी घेऊन येतो चाचा!” दोन नंबरचा चालक ओरडला, आणि शेड हसण्याने भरून गेलं. कोणीतरी म्हशीसारखं रेकून दाखवलं. मीही पोट धरून हसलो. चाचा गाडीकडे गेले, सांगितल्याप्रमाणे पाणी घातलं, पिन खोचली.

चाचांचं म्हणणं अक्षरशः बरोबर होतं. चार्ज होताना आतलं आम्ल तापतं, फुगतं, बुडबुडे येतात. त्याला वर चढायला जागा लागते. काठोकाठ भरून चार्जिंगला लावलं की ते बुचातून बाहेर उतू जातं. जे बाहेर जातं त्यात नुसतं पाणी नसतं, आम्ल असतं. दुसऱ्या दिवशी पातळी कमी दिसते म्हणून आपण परत पाणी घालतो. आम्ल बाहेर, पाणी आत, रोज थोडं थोडं. हे माझ्या डिप्लोम्याच्या पुस्तकात होतं. मी ते परीक्षेत लिहिलंही असेन. पण बस पावणेसहाला सुटायची.

खुणा दिसत होत्या. सकाळी शेड उघडलं की सडक्या अंड्यांसारखा वास यायचा. बॅटऱ्यांखालचे पत्रे गंजले, फरशीवर पांढरे डाग पडले, चाचांच्या खाकी पँटला बारीक भोकं पडली. चाचा मला दोनदा म्हणाले, “साहेब, तरंगा बुडतोय.” म्हणजे आम्ल पातळ झालंय. मी म्हणालो, “चार्जरचा दिवा हिरवा होतोय ना? मग झालं.”

मग एप्रिलमध्ये एका दुपारी चार नंबरची गाडी चढावर अर्ध्यात बंद पडली. गाडीत चार माणसं होती. चाचांनी ब्रेक दाबून धरला, हॉर्न वाजवला, पण वरून कोणी आलं नाही. ऊन असं होतं की रेक्झिनच्या सीटला हात लावता येत नव्हता. एका आजोबांना धीर निघाला नाही. चाचा “बसा बाबा, बसा” म्हणेपर्यंत ते उतरून चालायला लागले, दहा-बारा पावलांवर त्यांना चक्कर आली आणि ते पडले. मनगट मोडलं. दवाखान्याच्या आवारात, दवाखान्यात येता येता. आजोबांच्या मुलाने तक्रार केली, आणि ती बरोबरच होती.

प्रशासक साहेबांनी माझ्याकडे दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत अहवाल मागितला. मी चार नंबरच्या बॅटऱ्या उघडून बघितल्या. तरंगा तळाला टेकला होता. त्या क्षणी मला सगळं कळलं. नंतर कळलं असं मी सांगू शकलो असतो, पण ते खरं नाही. त्याच क्षणी कळलं. आणि त्या दिवशी सकाळी हिरवा दिवा लागलेला मी आणि चाचांनी, दोघांनीही बघितला होता, हेही मला आठवत होतं.

मी लिहिलं, ‘चालकाने आदल्या संध्याकाळी गाडी चार्जिंगला लावली नाही. अपुऱ्या चार्जिंगवर गाडी बाहेर काढल्यामुळे ती चढावर बंद पडली.’

हे माझं पहिलं खोटं.

चौकशी पंधरा मिनिटांची होती. टेबलाच्या पलीकडे तिघे, अलीकडे मी बसलेला आणि चाचा उभे. चाचा म्हणाले, “गाडी चार्जिंगला लावली हुती. सकाळी दिवा हिरवा हुता. साहेबांना इचारा.” माझ्याकडे कोणी बघितलंच नाही. टेबलापलीकडचा एक जण म्हणाला, “अशा लोकांच्या हातात यंत्र दिलं की असंच होणार.” अशा म्हणजे कशा, हे मी विचारलं नाही. मला कळलं होतं. चाचांनाही कळलं होतं. मी टेबलाच्या काचेखाली ठेवलेल्या कॅलेंडरकडे बघत राहिलो. चाचांचं कंत्राट त्या महिन्याअखेर संपत होतं. ते पुढे वाढवलं नाही.

आठवड्याने नगरहून बॅटरीवाला आला. जिल्ह्याचं नाव बदललं तरी तो आणि आम्ही नगरच म्हणतो. त्याने एकेक बूच उघडलं, नळीत आम्ल ओढलं आणि माझ्याकडे बघितलं.

“पाणी कोण घालतं इथं?”

“का?”

“गळ्यापर्यंत भरून चार्जिंगला लावता राव. उकळून बाहेर येतं, येताना आम्ल घेऊन येतं. मग तुम्ही परत पाणी घालता. दोन-चार महिने असं केल्यावर आत काय राहणार? पातळ ताक.”

“दिवा तर हिरवा व्हायचा.”

“दिव्याला काय कळतंय? ताक पूर्ण तापलं की तो हिरवा होतो.”

शेडमध्ये आम्ही दोघंच होतो. माझ्या डोक्यावर भिंतीवर लाल अक्षरांत ‘आधी पाणी, मग चार्जिंग’ लिहिलेलं होतं. त्याने ते वाचलं नव्हतं किंवा वाचून सोडून दिलं होतं.

“चालक घालायचा,” मी म्हणालो. “त्याला काढलाय.”

“बरं केलं,” तो म्हणाला.

हे दुसरं खोटं. पहिलं भीतीने बोललो होतो. या दुसऱ्याला भीतीचंही कारण नव्हतं. त्या माणसाला काही घेणंदेणं नव्हतं, तो संध्याकाळी निघून जाणार होता. तरी बोललो.

नव्या बॅटऱ्या आल्यावर मी गुपचूप सगळं बदललं. फळा पांढऱ्या रंगाने पुसला. गाडी आली की तासभर नुसती उभी ठेवायची, बॅटऱ्या निवू द्यायच्या; बस सुटली तरी मी थांबायचो. मग चार्जिंग. मध्येच पिन काढायची नाही, पूर्ण होऊ द्यायचं. पाणी सकाळी, चार्जिंग झाल्यावर, तेही काठापासून बोटभर जागा ठेवून. त्यासाठी मी सातला पोचायला लागलो. म्हणजे चाचांनी सांगितलं होतं तेच, दम, वैरण, पाणी. गाड्या सुरळीत धावायला लागल्या. एक उन्हाळा गेला, दुसरा गेला, एकही गाडी चढावर थांबली नाही. प्रशासक साहेबांनी मीटिंगमध्ये माझं कौतुक केलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

त्या काळात चाचा कुठे आहेत, काय करतात, हे मी कोणाला विचारलं नाही. घरी मात्र स्वयंपाकघराच्या फडताळात तो डबा होता. चाचांच्या घरचा, झाकणाला पोचा आलेला. चिकाचा शेवटचा डबा आमच्याकडेच राहिला होता. बायको दर महिन्या-दोन महिन्यांनी म्हणायची, “अहो, तो चाचांचा डबा परत द्यायचा राहिलाय.” मी म्हणायचो, देऊ. एकदा तिने डबा माझ्यासमोर ठेवला आणि म्हणाली, “तुम्ही त्यांचं नाव काढलं की उठून का जाता हो?”

मी त्या दिवशीही उठून गेलो.

मग या वर्षी संस्थेने ठरवलं की तिच्या बाकी दोन दवाखान्यांतही गाड्या घ्यायच्या, आणि तिथल्या चालकांना शिकवायचं काम मला द्यायचं. प्रशासक साहेब म्हणाले, “तुमची पद्धत लिहून काढा. नियम छापू, वर तुमचं नाव टाकू. शेडमध्ये प्रात्यक्षिक ठेवू. सत्कारही करू.”

तुमची पद्धत. मी घरी आलो आणि कागद घेऊन बसलो. पहिला नियम लिहिला, ‘आधी चार्जिंग, मग पाणी.’ पुढे पेन चालेना. बायकोने चहा आणून ठेवला. मी तिला सगळं सांगितलं. ती मग उठली, डबा काढला, घासला, त्यात शेंगदाण्याचे लाडू भरले आणि म्हणाली, “रिकामा नेऊ नका. शुक्रवारी बाजार असतो ना घोडेगावला?”

बाजारात धूळ, हंबरणं, शेणाचा वास, आणि माणसांपेक्षा जास्त म्हशी. चाचा एका चहाच्या टपरीपाशी बाकड्यावर बसलेले सापडले. तीच खाकी पँट, तीच आम्लाची भोकं. मला बघून ते उठले नाहीत. डब्याकडे बघून म्हणाले, “वैनींनी लई दिवस ठिवला.”

मी शेजारी बसलो. खूप काही पाठ करून आलो होतो, त्यातलं एकही वाक्य आठवेना. “चाचा, चूक माझी होती,” एवढंच म्हणालो.

“म्हाईत हाय.”

“तुम्हाला माहीत होतं?”

“गाडी मी चालवत हुतो न्हवं? हिरवा दिवा आपन दोगांनी बगितला. फळा तुमचा. पानी तुमच्या हुकमाचं. न कळायला काय झालं?” ते चहावाल्याला म्हणाले, “साहेबांना एक दे. साखर कमी.” माझी शुगरची गोळी त्यांना आठवत होती. मला त्या क्षणी तिथून पळून जावंसं वाटलं. “चौकशीत तुमी मान खाली घालून बसल्ता. मला वाटलं, आता वर बगतील. मंग वर बगतील. मी लई टाइम वाट बगितली साहेब.”

“मला माफ करा, चाचा.”

“माफीचं काय करू मी?” आवाज चढला नाही, पण शेजारचे दोघे दलाल बोलायचे थांबले. “हितं समदे म्हंत्यात, चाचानं म्हातारा पाडला. माजा व्याही ह्याच बाजारात म्हशी इकतो. त्यो माज्या पोरीला बोलून दावतो, तुज्या बापाला दवाखान्यातनं हाकललं. हे माफीनं पुसतंय व्हय?”

“काय करू सांगा.”

“गाडी नको मला. आता गुडगे बी दुकत्यात. जितं हासलात, तितं सांगा. समद्यांम्होरं. आन् मला कागद द्या, तुमच्या सहीचा. म्या वाचून न्हाई दावनार, तुमीच येऊन वाचायचा. हितं.”

एवढं बोलून त्यांनी डब्याचं झाकण उघडलं, एक लाडू मला दिला, एक स्वतः घेतला. लाडू खाल्ला म्हणजे मला माफ केलं, असा अर्थ मी काढला नाही. तुम्हीही काढू नका.

प्रात्यक्षिकाच्या दिवशी सकाळी आठला शेडमध्ये खुर्च्या मांडलेल्या होत्या. प्रशासक साहेब, चौकशीच्या टेबलापलीकडचे दोघे, बाहेरून आलेले आठ-दहा चालक, आणि आमचे जुने पाच. गाडीची सीट उचलून ठेवली होती. सत्काराचा नारळ आणि शाल टेबलावर होती.

मी म्हणालो, “पहिला नियम आधी चार्जिंग, मग पाणी. हा नियम मला चार नंबरच्या गाडीचे चाचा यांनी सांगितला होता, याच जागेवर उभं राहून. तेव्हा आपण सगळे हसलो होतो.”

दोन नंबरचा चालक पायाकडे बघायला लागला.

“मी त्यांचं ऐकलं नाही, कारण मला बस पकडायची होती. माझ्यामुळे बॅटऱ्या गेल्या, माझ्यामुळे गाडी थांबली, माझ्यामुळे त्या आजोबांचा हात मोडला. आणि मी अहवालात खोटं लिहिलं की गाडी चार्जिंगला लावली नव्हती. लावली होती. हिरवा दिवा मी स्वतः बघितला होता.”

प्रशासक साहेब खालच्या आवाजात म्हणाले, “अहो, विषयावर या.”

“हाच विषय आहे, साहेब.”

“हे आपण केबिनमध्ये बोलू.”

“चाचांना केबिनमध्ये काढलं होतं. हसलो होतो मात्र इथे.” मी उघड्या बॅटऱ्यांकडे बोट दाखवलं. “पहिला नियम कोणाचा हे सांगितल्याशिवाय मला दुसरा सांगता येणार नाही.”

कोणी उठून गेलं नाही. मग मी दुसरा सांगितला, आणि तिसरा, आणि सगळे. गाडी दोनच फेऱ्या मारून आली असली तरी रोज चार्जिंगला लावायची, उद्यावर ढकलायची नाही. जीव जाईपर्यंत पळवायची नाही, निम्म्याच्या खाली उतरू द्यायची नाही. चार्जिंगआधी बूच उघडून बघायचं. आतल्या पट्ट्या उघड्या दिसल्या तरच त्या बुडतील एवढंच पाणी घालायचं, बाकीचं नंतर. पाणी डिस्टिल्डच, कॅन्टीनचं नाही. हा उपद्व्यापही माझाच होता, हेही सांगितलं. शेडचं शटर उघडं ठेवायचं, कारण चार्ज होताना निघणारा वायू पेट घेतो. आसपास बिडी नाही, काडी नाही, हातात कडं नाही. डोळ्यांना चष्मा. टोकं सोड्याच्या पाण्याने धुवायची. आणि दिव्यावर विसंबायचं नाही, महिन्यातून एकदा तरंगा बघायचा, चोवीसही खान्यांचा.

“दात मोजायचे,” मागून कोणीतरी म्हणालं. दोन नंबरचाच होता. या वेळी हसत नव्हता.

शाल मी घेतली नाही. त्याच दुपारी शिडी लावून फळा रंगवला. सगळ्यात वर लिहिलं, ‘हे नियम चाचांनी सांगितले होते. मी ते ऐकले नाहीत आणि माझी चूक त्यांच्यावर ढकलली.’ फळ्यावर त्यांचं पूर्ण नाव आहे, गावासकट. खाली माझं, हुद्द्यासकट.

कागद मी नेवाशाच्या तहसीलसमोर स्टॅम्प पेपरवर करून घेतला. टाइप करणाऱ्याने दोनदा विचारलं, “साहेब, हे स्वतःच्याच विरोधात आहे ना? नक्की?” पुढच्या शुक्रवारी घोडेगावला त्याच बाकड्यापाशी उभा राहून मी तो वाचला. म्हशींच्या आवाजात माझा आवाज पोचेना, तेव्हा एक दलाल ओरडला, “ओ मास्तर, जरा मोठ्यानं!” मी पहिल्यापासून पुन्हा वाचला. वीस-पंचवीस माणसं जमली होती. त्यांत चाचांचे व्याही होते, डोक्याला टॉवेल गुंडाळलेले, जाडजूड.

वाचून झाल्यावर ते म्हणाले, “म्हंजी ह्यांनी म्हातारा पाडला न्हवता?”

“न्हाई रे बाबा,” चाचा म्हणाले. “जनम गेला तुजा म्हशीचं वय चोरन्यात. खरं ऐकायची सवय न्हाई तुला. परत वाचाया लावू का?”

सगळा घोळका हसला, व्याहीसुद्धा. चाचांनी कागदाची घडी घातली आणि बनियनच्या आतल्या खिशात ठेवली. मला म्हणाले, “च्या घ्या.” बस.

त्यानंतर मला मेमो आला. संस्थेची बदनामी केली, वरिष्ठांना न विचारता जाहीर विधान केलं, फळ्यावरचा मजकूर तीन दिवसांत काढावा. प्रशासक साहेबांनी बोलावून चहाही पाजला. म्हणाले, “नियम राहू द्या. फक्त वरची ओळ काढा. मेमो मी फाईलला लावून विसरून जातो. तुमची नोकरीची नऊ वर्षं राहिलीत. कशाला?”

मी लेखी उत्तर दिलं. ‘फळ्यावरची ओळ खरी आहे. ती खोटी असल्याचं संस्थेने लेखी द्यावं, मी स्वतः पुसेन. अहवालात खोटं लिहिल्याबद्दल मला जी शिक्षा द्यायची ती द्यावी, मी ती घेईन. चौकशीचा निकाल बदलून चाचांना तसं पत्र द्यावं.’

शिक्षा लगेच मिळाली. माझं प्रमुखपद काढून मला पंपहाउसवर पाठवलं, गाड्यांना हात लावायचा नाही अशी ताकीद दिली. ती बदली खोट्या अहवालाबद्दल असती तर मी मान खाली घालून गेलो असतो. पण आदेशात अहवालाचा शब्दही नाही. शिक्षा मला खरं बोलल्याची मिळालीये, आणि ती मी मान वर ठेवून भोगणार आहे. चाचांना पत्र मात्र अजून मिळालेलं नाही. दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी मी स्मरणपत्र देतो. पोच घेतल्याशिवाय आवक खिडकीवरून हलत नाही. तिथली बाई आता मी दिसलो की न बोलता शिक्का पुढे ओढते.

मध्यंतरी एका सकाळी फळ्यावरच्या त्या ओळीवर पांढरा रंग फासलेला होता. कोणी फासला, मी विचारलं नाही. लाल डबा घेऊन आलो आणि ओळ परत लिहिली, या वेळी अक्षर थोडं मोठं काढलं. शिडी दोन नंबरच्या चालकाने धरली.

गेल्या आठवड्यात चाचा दवाखान्यात आले होते, बायकोचे डोळे दाखवायला. फाटकापासून चार नंबरच्याच गाडीत बसून आले. चाचींना ओपीडीत बसवून ते शेडकडे आले. मी पंपहाउसमधून बघितलं आणि गेलो. ते फळ्यासमोर उभे होते, कमरेवर हात ठेवून. ओळ वाचली, सगळे नियम वाचले. मग सीट उचलली, बुचं उघडली आणि एकेका खान्यात डोकावत गेले.

“पत्र आलं का?” त्यांनी माझ्याकडे न बघता विचारलं.

“अजून नाही. आणणार.”

“ह्या खान्याला पानी बोटभर कमी हाय.”

“उद्या सकाळी घालतो.”

“चार्जिंग झाल्यावर.”

“झाल्यावर, चाचा.”

मला गाड्यांना हात लावायची बंदी आहे, हे मी त्यांना सांगितलं नाही. माझी ड्यूटी आठला सुरू होते. सातला मी कोणाचा नोकर नसतो. दुसऱ्या दिवशी सातला डिस्टिल्ड वॉटरचा कॅन घेऊन मी शेडमध्ये गेलो. दिवा हिरवा होता. तरीही चोवीस खाने तपासले, आणि पाणी घातलं.